आपली पोरं हसवू लागली आहेत, आपण कुठे आहोत?

गेली अकरा वर्षं मी मुंबईत स्टँड-अप करतो. दिवसा परळला एका औषध वितरकाकडे हिशेब बघतो आणि संध्याकाळी सातनंतर माइक हातात घेतो. एवढ्या वर्षांत मला सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट माझ्या सेटमधली नाही, ती लाइनअपच्या यादीत आहे. सुरुवातीला दहा नावांच्या यादीत आपल्यातलं नाव बहुतेक वेळा माझं एकट्याचं असायचं. आता ओपन माइकला गेलो की कधी दोन, कधी तीन नावं दिसतात. कुणी मुंब्र्याचं, कुणी महाडचं, कुणी शिकायला सोलापूरहून आलेलं. आणि ही पोरं चांगली आहेत. 'आपली आहेत म्हणून चांगली' असं म्हणत नाही. मी भाड्याच्या खोलीत बसून ज्या वाक्यावर महिना घालवायचो, ते यांना चालता चालता सुचतं.

मला तक्रार करायची आहे ती आपल्याबद्दल, म्हणजे प्रेक्षकांबद्दल. या पोरांसमोरच्या खुर्च्यांवर आपण दिसत नाही.

आधी त्यांच्याबद्दल सांगतो. नावं सांगत नाही, कारण त्यांना अजून तीन-चार वर्षं शांतपणे चुकायचा हक्क आहे.

मुंब्र्याची एक मुलगी आहे. तिचा विषय भाड्याचं घर. ती सांगते, "ब्रोकर म्हणाला, मॅडम, घरमालकाला फक्त नाव सांगू नका. मी म्हटलं, बरं, मग ॲग्रीमेंट कुणाच्या नावावर करायचं? तो म्हणाला, ते बघू, आधी मटण खाता का सांगा. मी म्हटलं, खाते. तो म्हणाला, तेही सांगू नका. मी म्हटलं, दादा, सांगायचं काय मग? तो म्हणाला, डिपॉझिट." प्रेक्षकांत ज्यांना असं घर कधी शोधावं लागलं नाही ते हसतात, आणि हसून झाल्यावर क्षणभर गप्प होतात. ते गप्प होणं तिने कमावलेलं आहे.

महाडच्या मुलाचं एकच वाक्य मी उसनं मागितलं होतं, त्याने दिलं नाही. तो म्हणतो, "लोक मला म्हणतात, अरे वा, तुझं मराठी किती छान! मी म्हणतो, थँक यू, तुमचंही सुधारेल." आणि सोलापूरचा मुलगा घरातल्या भाषांवर बोलतो: "अब्बा चिडले की उर्दूत, अम्मी चिडली की दखनीत, आणि दोघं मिळून माझ्यावर चिडले की मराठीत. शेजाऱ्यांनाही कळलं पाहिजे ना!"

या तिघांत एक गोष्ट समान आहे. ते मुसलमान असण्याचं प्रदर्शन मांडत नाहीत, आणि लपवतही नाहीत. ज्या घरात वाढले त्या घराबद्दल, त्या घराच्या भाषेत बोलतात. मराठी विनोदात ही जागा बऱ्याच काळापासून रिकामी होती.

रिकामी म्हणजे काय? आपण मराठी नाटकं, सिनेमे, टीव्हीवरची प्रहसनं बघत मोठे झालो. त्यांत मुसलमान पात्र आलं की ते हमखास 'हम तुमको बोलताय' असं बोलायचं. डोक्यावर जाळीची टोपी, लुंगी, गळ्यात तावीज, हातात सुरा किंवा पानाचा विडा. माझे वडील गोदीत कामाला होते, घर मूळचं खेडकडचं. आमच्याकडे कोकणीच बोलली जाते आणि शाळेपासून सगळं शिक्षण मराठीत. टीव्हीवर ते पात्र आलं की वडील मनापासून हसायचे आणि मग विचारायचे, "ह्यो खंयचो?" हा कुठला? त्यांना खरंच कळत नव्हतं की तो आपल्याला म्हणून दाखवलाय. तो विनोद वाईट हेतूने लिहिलेला असायचा असं मी म्हणणार नाही. लिहिणाऱ्याच्या ओळखीत कुणी मराठी बोलणारा मुसलमान नव्हता एवढंच. पण दुसऱ्याने लिहिलेल्या आपल्या चित्रावर कितीही रागावलो तरी ते चित्र बदलत नाही. बदलायचं असेल तर आपण लिहावं लागतं आणि मंचावर जाऊन बोलावं लागतं. ही पोरं ते करत आहेत.

आणि ती हे काम करतात ती जागा परळ आहे, याचं मला फार अप्रूप आहे.

परळ-लालबागने मराठी माणसाला मंचावरून हसवण्याची, चिडवण्याची, जागं करण्याची एक मोठी परंपरा दिली, आणि त्या परंपरेच्या अगदी मधोमध एक मुसलमान उभा आहे. शाहीर अमर शेख. जन्म बार्शीचा, १९१६ सालचा. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावातल्या कामगारांपुढे त्या पथकाचे कार्यक्रम व्हायचे. त्यात गाणं होतं, पोवाडा होता आणि सावकार, मालक, पुढारी यांची यथेच्छ टिंगलही होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा अण्णाभाऊंनी तोच खेळ 'लोकनाट्य' या नावाने उभा केला. सत्तेला टोचणारा विनोद आणि त्यावर येणारी बंदी, दोन्ही इथल्या मातीत जुनी आहेत. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या आवाजाने मैदानं भरली. 'मुसलमानाला मराठी मंचाचं काय' असं कुणी विचारलं तर हे एक नाव पुरे आहे. खरी अडचण अशी की आपल्यातल्याच विशी-पंचविशीच्या किती जणांना हे नाव सांगता येईल, याची मला खात्री नाही.

थोडं दक्षिणेला भायखळ्याला गेलात तर साबू सिद्दीक कॉलेज आहे. तिथे कादर खान सिव्हिल इंजिनियरिंग शिकवायचे. कामाठीपुऱ्यात वाढलेला हा मास्तर नाटकं लिहिता लिहिता सिनेमात गेला आणि हिंदी सिनेमातली माणसं पुढची दोन दशकं त्याच्या संवादांत बोलली. ती भाषा त्याला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती, ती या गल्ल्यांत मिळाली होती.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या. लोअर परळची फिनिक्स मिल आधी कोळशाच्या धुराची होती, ती काचेची झाली. २०१० मध्ये त्याच आवारातल्या पॅलेडियम मॉलमध्ये लंडनच्या कॉमेडी स्टोअरची शाखा उघडली, तिचाच पुढे कॅनव्हास लाफ क्लब झाला. देशातल्या इंग्रजी-हिंदी स्टँड-अपची एक अख्खी पिढी त्या मंचावर घडली. दुसऱ्या बाजूला परळचं दामोदर नाट्यगृह, १९२२ पासून कामगारांच्या रंगभूमीचं घर असलेलं, पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये बंद झालं. म्हणजे परळमध्ये हसण्याची जागा गेली नाही, तिचा पत्ता आणि तिकिटाचा दर बदलला. ज्या आवारात बाप पाळीला जायचा, तिथे पोराला आत शिरायला आता तिकीट परवडत नाही. हा विनोद मी मंचावर करतो. हसतात, पण कमी हसतात.

आता भीतीबद्दल. ती खरी आहे आणि तिच्याबद्दल गोलगोल बोलण्यात अर्थ नाही.

१ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये मुनव्वर फारुकीला अटक झाली. त्या संध्याकाळचा त्याचा कार्यक्रम नीट सुरूही झाला नव्हता. जुनागढहून मुंबईत येऊन डोंगरीत वाढलेला हा मुलगा महिन्याहून जास्त काळ तुरुंगात राहिला. उच्च न्यायालयाने जामीन नाकारला आणि ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगळुरूचा त्याचा कार्यक्रम पोलिसांच्या सांगण्यावरून रद्द झाला. त्या दिवसांत माझ्या अम्मीने मला फोन करून एकच प्रश्न विचारला होता: "तू काय बोलतोस रे तिथे?" तिने माझा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता, पण बातमी पाहिली होती.

पुढे मुनव्वर दोन रिॲलिटी शो जिंकला. २०२४ मध्ये 'बिग बॉस'ची ट्रॉफी घेऊन तो डोंगरीत आला तेव्हा रस्ता माणसांनी भरून गेला होता. मला आनंद झाला. पण एक गोष्ट खटकली, ती सांगतो. कॉमेडियन आपल्याला दोनदाच आठवतो: तो तुरुंगात गेला की आणि तो ट्रॉफी घेऊन आला की. मधली जी वर्षं असतात, वीस माणसांच्या खोलीत पाच मिनिटं बोलायची, त्या वर्षांत आपण नसतो.

आणि खरी किंमत त्या मधल्या वर्षांतली माणसं मोजतात. इंदूरला मुनव्वरसोबत नलिन यादव नावाचा एक तरुण कॉमेडियनही पकडला गेला. तो मुसलमान नाही, तेव्हा प्रसिद्धही नव्हता. त्याला जामीन मुनव्वरनंतर मिळाला. आज त्याचं नाव किती जण घेतात? २३ मार्च २०२५ ला कुणाल कामराच्या कार्यक्रमावरून खारच्या हॅबिटॅटची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं हातोडे घेऊन आली आणि ती जागा काही काळ बंद राहिली. कामरा त्या रात्री तिथे नव्हता. त्या खुर्च्या त्याच्या नव्हत्याच. आठवड्याच्या मधल्या वारी कर्जतहून, विरारहून येऊन चार मिनिटं मागणाऱ्या पोरांच्या त्या खुर्च्या होत्या. नाव असलेल्या माणसाकडे वकील असतो, चाहते असतात, दुसरं शहर असतं. होतकरू पोराकडे तो एक मंच असतो.

म्हणून तरुणांनी थोडा कायदा जाणून ठेवावा. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ झालं आहे. त्यात जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांची. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, गरज नसेल तिथे आधी नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलं आहे. मुनव्वरला जामीन देतानाही याच निकालाकडे बोट दाखवलं गेलं. एवढं माहीत असलं की भीती जात नाही, पण तिला आकार येतो. आकार असलेल्या भीतीसोबत काम करता येतं.

बाहेरच्या भीतीइतकीच घरातली भीतीही मोठी आहे. 'लोकांना हसवण्यासाठी खोटं बोलू नये' ही हदीस मला आजवर तीन मामांनी, एका मौलवींनी आणि एका रिक्षावाल्याने ऐकवली आहे. मी ती हलक्याने घेत नाही. उलट मला वाटतं, स्टँड-अपसाठी याहून चांगला नियम नाही. वाईट सेट खोट्यावर उभा असतो: उसनी बायको, उसनी सासू, इंटरनेटवरून उचललेला किस्सा. चांगला सेट खऱ्यावर उभा असतो. मुंब्र्याच्या त्या मुलीने ब्रोकरचं एक वाक्य जरी मनाने रचलं असतं, तरी प्रेक्षकांना वास आला असता. आणि हसणं आपल्या परंपरेला परकं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुल्ला नसरुद्दीनला कुठे ठेवायचं ते सांगावं.

'आपल्या लोकांचं बाहेर हसू करू नका' हा दुसरा आक्षेप. यावर माझं मत स्पष्ट आहे. दीन वेगळा आणि आपल्या सवयी वेगळ्या. लग्नात हुंड्याला 'तोहफा' म्हणायची सवय, मोहल्ला कमिटीच्या बैठकीत तीन तास खुर्चीच्या जागेवरून चालणारं भांडण, मुलगी शिकली की स्थळ कमी होतं म्हणणारी खाला, हे सगळं आपलं केलेलं आहे. त्यावर हसणं म्हणजे घर झाडणं आहे. हे आपण केलं नाही तर दुसरा करील, आणि तो केर काढणार नाही, घरच वाईट म्हणेल. मुलींना तर हा आक्षेप दुप्पट ऐकावा लागतो. मुलगा मंचावर गेला तर 'वाया गेला', मुलगी गेली तर 'घराण्याची इज्जत गेली'. त्या मुंब्र्याच्या मुलीच्या घरी ती अजून 'कंप्युटरचा क्लास' करते आहे. तीन वर्षांचा क्लास! एवढ्यात तिने कंप्युटर बनवला असता.

तरी कॉमेडियनला सगळं माफ, असंही मी मानत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुनव्वरने एका कार्यक्रमात प्रेक्षकांशी बोलताना कोकणी माणसांबद्दल एक शिवी वापरली. कोकणात संताप झाला, त्याने जाहीर माफी मागितली. मी कोकणी आहे. मला ती ओळ अपमानापेक्षाही आळशी वाटली. क्राउड वर्कमध्ये समोरचा कुठला आहे हे कळल्यावर सुचलेली पहिली गोष्ट बोलून टाकणं, हे काम अर्धवट सोडणं आहे. पण त्यावरून धमक्या देणं हाही उपाय नाही. वाईट विनोदाची शिक्षा शांतता असते. ज्याने ती एकदा मंचावर उभं राहून अनुभवली आहे, त्याला विचारा, ती पुरेशी असते की नाही.

या तरुणांकडून आपली आणखी एक चुकीची अपेक्षा असते. आपल्याला वाटतं, मंचावर गेलास ना, मग आता कौमच्या वतीने बोल. दर आठवड्याला एखादी बातमी, दर बातमीवर एक विनोद. ज्याला बोलायचंय त्याने जरूर बोलावं. पण प्रत्येकावर हे ओझं का? झाकिर खान इंदूरचाच. सारंगीवादकांच्या घराण्यातला. त्याने प्रेमभंग, मित्र, वडील, मधल्या शहरातलं एकटेपण यांवर हिंदीत बोलून १७ ऑगस्ट २०२५ ला न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरवलं. आपल्या पोराला वडापाववर दहा मिनिटं फालतू बोलायची मोकळीक असणं, हीसुद्धा बरोबरीच आहे. बाकीच्यांना ती न मागता मिळते.

मग आपण काय करायचं? मोठं काही नाही.

तिकीट काढा. ओपन माइकचं तिकीट चहा-नाश्त्याच्या खर्चात येतं. कित्येक ठिकाणी पोरांना मंचावर चढायला स्वतः पैसे भरावे लागतात किंवा सोबत दोन प्रेक्षक आणावे लागतात. ते दोन प्रेक्षक तुम्ही व्हा. पुढच्या रांगेत बसा. मागे बसून हात बांधून 'हसव बघू' असा चेहरा करू नका.

मोबाइल खिशात ठेवा. नवा विनोद कच्चा असतो, तो पंधरा वेळा बोलल्यावर शिजतो. तुम्ही कौतुकानेच दहा सेकंदांची चित्रफीत टाकता, पुढचं-मागचं कापलं जातं आणि संकट तिथून सुरू होतं. विनोद आवडला तर त्या पोराला जाऊन सांगा. त्याला तेवढंच हवं असतं.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी ती द्या. आपल्याकडे जमातखाने आहेत, शाळांचे हॉल आहेत, वाचनालयं आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ, एक माइक, पन्नास खुर्च्या. कार्यक्रम सहाला सुरू करून आठला संपवा, म्हणजे मुलींना परतीची लोकल मिळेल आणि 'क्लास'ही वेळेत सुटेल. आपल्या संघटनांत वकील आहेत. त्यांच्यापैकी दोघांचे नंबर या पोरांच्या खिशात असले पाहिजेत, अटक झाल्यावर शोधायला लागू नयेत. पुरेशा वेळा उभं राहिल्यावर पोरं स्वतःच शिकतात, आपण फक्त उभं राहायला जागा द्यायची.

आणि जे माझ्यासारखे थोडे जुने झालेत, त्यांनी आपल्या वीस मिनिटांतली पाच सोडावीत. मी गेल्या वर्षापासून माझ्या प्रत्येक कार्यक्रमात आधी एका नवीन मुलाला किंवा मुलीला बोलू देतो. परवा सोलापूरच्या त्या मुलाला दिली. तो इतका चांगला झाला की त्याच्यानंतर माझं पहिलं मिनिट कुणी ऐकलंच नाही. लोक अजून त्याच्या अब्बांवर हसत होते. मी माइक धरून थांबलो आणि त्यांना हसू दिलं.

ज्यांना स्वतः चढायचंय त्यांना एवढंच सांगतो. घरातल्या भाषेत लिहा. कोकणीत सुचलं तर कोकणीत, दखनीत सुचलं तर दखनीत; मराठी तेवढी मोठी आहे, ती सांभाळून घेईल. पहिली चांगली पाच मिनिटं तयार व्हायला साधारण वर्ष जातं, तेव्हा घाई करू नका. आणि पहिल्या दिवशी कुणी हसलं नाही तर समजा, तुम्ही आता रीतसर या धंद्यात आलात.